फिक्सीसाठी हलकी चाकं: तयार घ्यावी का तारा भरून बांधून घ्यावी?

सिडको_फिक्सी
नमस्कार मंडळी. राहायला संभाजीनगरला सिडकोत, रोज वाळूजला ड्युटीला फिक्सीवरच (फ्रीव्हील नसलेली, चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरत राहणारी सायकल) जातो आणि रविवारी दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ असा फेरा असतो. फ्रेम स्टीलची, मागं चाक बसायचा गाळा १२० एमएमचा, गिअर ४६-१६ (पुढच्या चेनरिंगला ४६ दाते, मागच्या कॉगला १६), पुढं एक कॅलिपर ब्रेक आहे आणि तो मी काढणार नाही, हे आधीच सांगतो म्हणजे त्यावर चर्चा नको. सायकलीसोबत आलेली चाकं ४३ एमएम उंचीच्या डीप रिमची आहेत. टायर-ट्यूब काढून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली तर पुढचं १३०० ग्रॅम, मागचं कॉग आणि त्याला धरून ठेवणारी लॉकरिंग यांच्यासकट १६०० ग्रॅम भरलं. सिग्नल सुटला की अंगात येईपर्यंत जीव जातो आणि थांबवताना पायाला परत तेवढाच मार. माझं वजन ७४ किलो. बजेट दोन्ही चाकं मिळून २० हजाराच्या आत बसवायचंय. ऑनलाइन तयार सेट दिसतात, त्यात २० आणि २४ तारांचे पण आहेत, वजन वाचून मोह होतो. का रिम, हब, तारा सुट्या घेऊन इथंच बांधून घेऊ? ज्यांनी मराठवाड्यातल्या रस्त्यावर चालवलंय त्यांनी सांगा, पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू भरपूर वाचून झालेत.

जालना_रोड
२४ तारांची डीप रिम घ्या बिनधास्त. जालना रोडला समोरून वारा लागला की डीप रिमचाच फायदा आहे, वजनाचं कोण बघतंय.

तीनक्रॉस
मी वाळूजलाच एका कंपनीत टूलरूमला आहे, म्हणून आधी आकडे मांडतो, मग मत.

रिमवरचं वजन दोनदा मोजावं लागतं असं म्हणतात ते वेग घेताना खरं आहे, कारण ते वजन पुढंही जातं आणि गोलही फिरतं. समजा रिम-टायर मिळून अर्धा किलो कमी केला. ताशी ३० किमीला त्या अर्ध्या किलोत साधारण ३५ ज्यूल असतात. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरलं तर सगळी मिळून २९५० ज्यूलच्या आसपास. म्हणजे सव्वा टक्का. चढाला तर फिरण्याचा हिशोब जवळजवळ नसतोच, तिथं अर्धा किलो म्हणजे अर्धाच किलो, वीस मिनिटांच्या चढाला सातेक सेकंद वाचतील. सपाटीवर एका वेगाने पैठण रोडला चाललात तर काहीच फरक नाही.

मग घ्यायचीच नाहीत का? घ्या, नक्की घ्या. पण कशासाठी घेतोय ते कळलं की पैसे कुठं घालायचे तेही कळतं. तुमचं दुखणं सिग्नलचं आहे. फ्रीव्हीलच्या सायकलवाल्याला चाक फक्त पळवावं लागतं, थांबवायचं काम ब्रेक करतो. फिक्सीत जी ताकद पायाने चाकात घातली तीच पायाने परत काढावी लागते. गतिरोधक, गाय, वळणारी रिक्षा, परत गतिरोधक. तो सव्वा टक्का दिवसभरात शंभर वेळा दोन्ही बाजूंनी वसूल होतो आणि गुडघ्याला तो कळतो.

जालना_रोड यांच्याशी मात्र मागच्या चाकाबद्दल सहमत नाही. सविस्तर रात्री लिहितो, शिफ्ट आहे.

लातूरची_सायकल
मी औसा रोडला रोज चालवते, २८ एमएमच्या टायरवर. माझं मत एकच, रिमच्या आधी टायर-ट्यूबकडं बघा. कंपनीचे वायरवाले टायर एकेक साडेतीनशे ग्रॅमच्या घरात असतात, चांगला फोल्डिंग टायर २३०-२५० मध्ये येतो. साधी ब्यूटाइल ट्यूब १०० ग्रॅमची. म्हणजे फक्त टायर बदलले तरी दोन्ही मिळून दोनेकशे ग्रॅम गेले, ते पण एकदम कडेचे, जिथं सगळ्यात जास्त जाणवतात. हेच दोनशे ग्रॅम हबमधून काढायला गेलात तर पैसेही जास्त आणि फरकही कळणार नाही, हब मधोमधच फिरतंय.

जालना_रोड
ताई, ट्यूब टीपीयूची (पातळ प्लास्टिकची) घ्यायला सांगा की मग, ४० ग्रॅमच्या आत मिळते.

लातूरची_सायकल
सांगितली असती हो, पण आपल्याकडं सराटे आणि बाभळीचे काटे किती आहेत ते तुम्हाला पण माहितीये. दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेचं गवत वाळलं की सराटा टायरला चिकटूनच येतो. टीपीयूला आपला नेहमीचा पंक्चरवाला ठिगळ लावून देत नाही, त्याचं सोल्यूशन तिच्यावर धरतच नाही, तिचे ठिगळ वेगळे येतात आणि ते जवळ ठेवावे लागतात. शिवाय पुढं रिम ब्रेक आहे, घाट उतरताना रिम तापते, म्हणून टीपीयू घेताना पाकिटावर रिम ब्रेकला चालते असं लिहिलंय का बघूनच घ्यावी. रविवारी लावायला ठीक. रोज ड्युटीला जाणाऱ्याने ब्यूटाइलच ठेवावी आणि टायर काट्याला दाद न देणारा, पट्टा असलेला घ्यावा. त्यात वीस-तीस ग्रॅम वाढले तर वाढू द्या.

बालाघाट
आंबाजोगाईहून लिहायलो. बगा भाऊ, तुमी हलक्याच्या मागं लागलाव ते बरोबरच हाय पण पहिलं हब कुठलं हाय ते सांगा. मागच्या हबला दोन टप्प्याचा आटा हाय का? मोठा आटा कॉगचा, त्याच्या भायेर जरा बारीक आटा लॉकरिंगचा आन तो उलटा. पायानं ब्रेक मारला की कॉग सुटायला बगतो, तो फिरला की उलट्या आट्याची रिंग त्याच्यावर आणखी आवळती. ही सगळी गंमत त्या उलट्या आट्यात हाय. आमच्याकडं काही पोरं साध्या फ्रीव्हीलच्या हबवर कॉग चढवायलेत, लॉकटाइट लावून, कारण आटा बरोबर बसतो. बसतो खरा, पण रिंग लावायला जागाच नसती. मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना पाय दाबला आन कॉग मोकळा फिरला तर तुमच्याकडं काय ऱ्हायलं? कुणी स्वस्तात मिळायलंय म्हणून असलं हब देत असंल तर घिऊ नका.

सिडको_फिक्सी
माझं हब फ्लिप-फ्लॉप आहे, एका बाजूला लॉकरिंगचा आटा आहे, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलचा. पण छर्रे-कोनवालं आहे आणि कोनावर खड्डे पडलेत.

तीनक्रॉस
आता मागच्या चाकाचं.

गिअरच्या सायकलीत मागचं चाक एका बाजूला झुकलेलं असतं, कारण उजवीकडं कॅसेटला जागा द्यावी लागते. त्यामुळं उजव्या तारा ताठ आणि डाव्या त्यांच्या निम्म्याच्या आसपास ढिल्या. ट्रॅक हबला हा प्रकार जवळपास नाही. १२० एमएममध्ये दोन्ही फ्लँज (हबच्या तारा अडकवायच्या चकत्या) मध्यापासून साधारण सारख्या अंतरावर, म्हणून दोन्हीकडचा ताण जवळपास सारखा. एवढं मजबूत मागचं चाक गिअरवाल्याच्या नशिबात नसतं. या एका फायद्यामुळं लोकांना वाटतं की मग तारा कमी केल्या तरी चालेल.

पण फिक्सीत भार दोन्ही दिशांनी येतो. पॅडल मारताना अर्ध्या तारा ओढल्या जातात, पायाने थांबवताना बाकीच्या अर्ध्या. साध्या सायकलीत मागून दुसऱ्या दिशेचा एवढा जोर कधी येतच नाही. म्हणून मागं ३२ तारा, तीन क्रॉस (प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाते), यात काटकसर नको. मागं रेडियल, म्हणजे हबपासून सरळ रिमला जाणाऱ्या तारा, तर अजिबात नाही, सरळ तारा हबचा पीळ रिमपर्यंत पोचवूच शकत नाहीत. पुढच्या चाकाला पीळ नसतो, तिथं २८ तारा दोन किंवा तीन क्रॉस पुरे. पुढं रेडियल करायची असेल तर हबवाला परवानगी देतो का ते आधी बघा, सगळे देत नाहीत, फ्लँजची भोकं बाहेरच्या दिशेने ओढली जातात. आणि त्यात वाचतात किती, तर पंधरा-वीस ग्रॅम.

चार तारा कमी केल्याने तारा आणि निपल (तारेच्या रिमकडच्या टोकाचं नट) धरून २८ ग्रॅम वाचतात. मागं एक तार तुटली तर ३२ च्या चाकात रिम जराशीच डगमगते आणि तुम्ही सावकाश चालवत घरी येता. २० च्या चाकात रिम एवढी वाकडी होते की चेनस्टेला (फ्रेमच्या मागच्या आडव्या नळीला) घासते आणि सायकल खांद्यावर. वाळूजहून सिडकोपर्यंत.

जालना_रोड
हे पटलं. म्हणजे मागं तारा ३२ आणि त्या जाड, असंच ना?

तीनक्रॉस
नाही, जाड नको, उलट मध्ये बारीक हव्यात. हे पटायला लोकांना वेळ लागतो. साधी तार सगळीकडून २ एमएम. डबल बटेड म्हणजे दोन्ही टोकांना २ आणि मधे १.८. डीटी स्विसची कॉम्पिटिशन किंवा सॅपिमची रेस, दोन्ही अशाच. ६४ तारांचं वजन ४४० ग्रॅमच्या जागी ३८० भरतं. पण वजन हा तिचा छोटा गुण आहे. चाक फिरताना खालच्या तारांचा ताण दर फेऱ्याला कमी होतो आणि परत येतो. तार जाड असेल तर तिचं ताणणंच कमी असतं, रिम जराशी दबली की ती पूर्ण ढिली पडते, परत झटक्याने ताठ होते. बारीक तार जास्त ताणलेली असते म्हणून तेवढ्या दबण्यात ती पूर्ण सैल होत नाही. तारा सहसा मधे तुटत नाहीत, जास्त करून तुटतात त्या हबपाशी, वाकावर, आणि तिथं डबल बटेडची जाडी २ एमएम राखलेलीच असते. म्हणजे हलकी तार जास्त टिकते. फिक्सीच्या चाकात पैसे घालायची एक जागा विचाराल तर मी ही सांगेन.

त्याहून बारीक, मधे दीड एमएमच्या तारा पण मिळतात, त्या मागं नको, भरताना पिळतात फार आणि चाक जरा लवचीक होतं. पुढं शौक असेल तर चालतील.

गोदाकाठ
नांदेडहून. निपलबद्दल कुणीच लिहिलं नाही. अॅल्युमिनियमचे निपल घेतले की ४० ग्रॅम वाचतात म्हणून दुकानदार गळ घालतो. पितळेचे घ्या. आपल्याकडं पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा रिमपर्यंत चढतो, मग लोक पाण्याचा जोरात फवारा मारून धुतात, ते पाणी निपलपाशी बसतं. दोन वर्षांनी चाकाचा आउट (डगमग) काढायला पाना लावला की अॅल्युमिनियमचा निपल तारेला घट्ट धरून बसलेला, जोर दिला की कडा गोल होतात नाहीतर डोकंच उडतं. पितळ फिरतं.

लातूरची_सायकल
+१. पितळच.

सिडको_फिक्सी
छान माहिती मिळतेय. रिम कुठली बघू? आणि बांधून कोण देणार, इथं बहुतेक ठिकाणी मशीनवर आउट काढून देतात तेवढंच.

तीनक्रॉस
रिम ४२० ते ४८० ग्रॅमची, डबल वॉल, आयलेट (भोकांना धातूची कडी) असतील तर चांगलंच, आणि ब्रेकचा पट्टा मशीन केलेला. मॅव्हिक ओपन प्रो, एच प्लस सनची आर्केटाइप, डीटी स्विसची आरआर ४११, या पट्ट्यातल्या आहेत. तुमच्या बजेटमध्ये जी ३२ आणि २८ भोकांची मिळेल ती. भोकं मोजूनच ऑर्डर द्या, हबची आणि रिमची जुळलीच पाहिजेत. फिक्सीसाठी म्हणून विकतात त्या काही डीप रिमांना ब्रेकचा पट्टा नुसता रंगवलेला असतो, त्यावर ब्रेक लावला की आधी रंग जातो आणि ओल्यात धरत नाही. तुम्ही ब्रेक ठेवणार आहात, म्हणून हे बघाच.

आणि कार्बन नको, या बजेटमधली तर नकोच. ट्रॅकवर पाच पात्यांची मॅव्हिक आयओ किंवा मागं बंद डिस्क लावतात ती हलकी म्हणून नाही, वारा कापते म्हणून. यूसीआयच्या (सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या) नियमात रेसच्या सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली जाऊच शकत नाही, मग तिथं ग्रॅम मोजून करायचंय काय. बालेवाडीच्या वेलोड्रोमला ना खड्डा, ना कुत्रं, ना ब्रेक. ते बघून आपलं चाक ठरवू नये.

बालाघाट
बांधायचं मनाल तर गुलमंडीकडं जुने मिस्त्री हायत अजून, इचारून बगा. मी एका म्हाताऱ्या मिस्त्र्याला काम करताना तासभर बसून बगितलंय. मशीन नाई, काटा नाई. चाक फोर्कात उलटं लावलं, नखानं एकेक तार छेडत पूर्ण गोल फिरले, डोळे मिटून. एका बाजूच्या सगळ्या तारा एकच आवाज देईपर्यंत पाना चालू. तबला सुरात लावताना गट्टा ठोकत फिरतात ना, अगदी तसं. मग जोडीजोडीनं तारा मुठीत धरून जोरात दाबल्या, कटकट आवाज आला, परत आउट बगितला, परत दाबल्या. आवाज यायचा बंद झाला तवा चाक खाली ठेवलं. त्याला किलो-न्यूटन इचारू नका, पण त्याचं चाक परत आउट होत नाई.

तीनक्रॉस
बालाघाट, फार नेमकं पाहिलंत. तो कटकट आवाज म्हणजे तारेत बसलेला पीळ सुटतो आणि वाक फ्लँजला नीट टेकतो. हे न करता दिलेलं चाक पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये स्वतःच ते काम उरकतं आणि आउट होतं, मग लोक रिमला नावं ठेवतात. पाना फिरवताना पण जेवढं हवं त्याच्या किंचित पुढं न्यायचं आणि तेवढंच मागं आणायचं, म्हणजे पीळ राहत नाही. ताण साधारण १०० ते १२० किलो, रिमवाल्याने दिलेल्या मर्यादेत. मीटर माझ्याकडं आहे, घेऊन येईन. पण सगळ्या तारांचा ताण सारखा असणं हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. आउट एक एमएमचा राहिला तरी चालेल, ताण सारखा हवा. मशीनवर आउट काढणारा नेमकं उलट करतो, रिम सरळ दिसेपर्यंत मिळेल ती तार आवळतो. चाक सरळ दिसतं आणि आतून एक तार फुल्ल ताठ, शेजारची मोकळी.

जुनी_रोडस्टर
मधेच विचारतो, परभणीहून. वडिलांची जुनी २८ इंची, रॉड ब्रेकची, ४० तारांचं मागचं चाक. तीच फिक्सी करायची आणि हलकी ७०० सी चाकं टाकायची डोक्यात आहे. जमेल का?

तीनक्रॉस
२८ दीडच्या रिमचा टायर बसायचा व्यास ६३५ एमएम, ७०० सीचा ६२२. म्हणजे ब्रेकची जागा साडेसहा एमएम खाली सरकते. तुमचा रॉड ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतो, तो नव्या रिमवर चालणारच नाही, पुढं लांब हातांचा कॅलिपर लावावा लागेल आणि त्याला फोर्कात भोक हवं. मागचा गाळा मोजा, चेनलाइन मोजा. होणारं काम आहे, पण वेगळा धागा काढा, मी तिथं लिहितो. आणि ते ४० तारांचं चाक मोडू नका, जपून ठेवा. वडिलांचं आहे.

गोदाकाठ
सिडको_फिक्सी, स्किड मारता का, म्हणजे पाय रोखून मागचं चाक घासत थांबवता का? मारत असाल तर ४६-१६ बद्दल पण बघून घ्या, हलका टायर घेतला की तो झिजायचा प्रश्न येतो. चेनरिंग आणि कॉगच्या दात्यांना सामाईक भाग द्या, कॉगचा जो आकडा उरतो तेवढ्या जागी टायर घासतो. ४६-१६ ला ८ जागा. दोन्ही पायांनी मारता येत असेल तर १६. ४८-१६ वाले लोक दिसतात, त्यांचा टायर कायम एकाच जागी घासतो, आठवड्यात कापड दिसतं. १७ चा कॉग लावलात तर एका पायानेच १७ जागा मिळतात आणि खुलताबादच्या चढाला पण बरं पडेल.

सिडको_फिक्सी
हे कॉगचं माहितीच नव्हतं, १७ चाच घेतो. ठरलं ते लिहितो. मागं ३२, पुढं २८, डबल बटेड तारा, पितळी निपल, ४७० ग्रॅमची रिम, हब सील्ड बेअरिंगचं १२० एमएम. टायर फोल्डिंग २८ एमएम. हिशोब केला तर टायर धरून सव्वा किलोच्या आसपास कमी होतंय. तारांची लांबी किती मागवू?

तीनक्रॉस
हब आणि रिम हातात आल्याशिवाय तारा मागवू नका. छापलेल्या आकड्यावर विसंबू नये, रिम स्वतः मोजायची. दोन जुन्या तारा समोरासमोरच्या भोकांत निपलसकट घाला, ताणून धरा, निपलच्या डोक्यापासून डोक्यापर्यंतचा व्यास घ्या, दोन-तीन जागी घेऊन सरासरी काढा. मग हबच्या फ्लँजचा व्यास, मध्यापासून फ्लँजचं अंतर आणि किती क्रॉस, एवढं दिलं की लांबी निघते. तार निपलच्या खाचेपर्यंत पोचली पाहिजे. दोन-तीन एमएम कमी पडली तर निपलच्या गळ्यावर भार येतो आणि तो तुटतो, जास्त झाली तर आटा संपतो आणि टोक ट्यूबकडं निघतं. दोन तारा जादा मागवा, घरी ठेवायला.

बालाघाट
आन कॉग बसवताना आट्याला ग्रीस. चेन-व्हिपनं (कॉगच्या पान्यानं) आवळा, रिंग हलकी लावा, मग दौलताबादचा चढ उभं ऱ्हाऊन चढा म्हंजी कॉग स्वतःच पुरा बसतो. चढावर पोचले की लगीच रिंग परत आवळा, तवर पायानं ब्रेक मारू नका, हात ब्रेकवरच ठिवा. रिंगचा पाना न्या सोबत.

लातूरची_सायकल
एक्सलच्या नटाला १५ चा पाना पण. आणि २८ चा टायर घेण्याआधी चेनस्टेमधली जागा आणि ब्रेकच्या खालची जागा मोजून घ्या, बऱ्याच ट्रॅक फ्रेममध्ये २५ च्या पुढं बसत नाही. मागं चाक पुढं सरकवलं की आणखी अडचण होते, १७ च्या कॉगने चाक थोडं पुढं येणार आहे ते धरून मोजा.

सिडको_फिक्सी
आत्ताच मोजलं. मागं दोन्ही बाजूंना चार-चार एमएम उरतंय २८ धरून, पुढं ब्रेकखाली जेमतेम आहे. म्हणजे पुढं २५ आणि मागं २८ मागवतो. चेन तीच ठेवून १७ बसतोय का बघतो, नाहीतर नवी घेतो.